अंडी उबवावीत की नाही? सुल्काटा कासवाच्या घरगुती पैदाशीची पार्श्वभूमी

सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने सेनेगलपासून इथिओपियापर्यंत कोरड्या गवताळ प्रदेशाचा एक पट्टा पसरला आहे. हा साहेल, म्हणजे सुल्काटा कासवाचे मूळ घर. गालापागोस आणि अल्दाब्रा बेटांवरची कासवे सोडली तर याच्याएवढे मोठे जमिनीवरचे कासव जगात नाही. नर 45-50 किलोपर्यंत सहज वाढतो, काही तर त्याच्या बरेच पुढे जातात. साहेलमध्ये ही जात संकटात आहे. दुसरीकडे अमेरिकेत ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियातल्या प्राणी-आश्रयगृहांना लोकांनी सोडून दिलेली सुल्काटा कुठे ठेवायची हा प्रश्न पडलेला असतो. घरी पैदास करू पाहणाऱ्याने अंड्यांच्या तापमानाआधी हा विरोधाभास कसा तयार झाला ते समजून घ्यावे.

1980 आणि 90 च्या दशकांत आफ्रिकेतून पकडून आणलेली सुल्काटा अमेरिकेच्या बाजारात येत होती. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडाची हवा त्यांना मानवली. अंगणात सोडलेल्या जोड्या कुणी मुद्दाम काही न करता अंडी घालू लागल्या. 2000 साली आयातीचा मार्ग दोन्ही बाजूंनी बंद झाला. मार्चमध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने सुल्काटा, बिबट्या कासव आणि बेलचे बिजागरी कासव या तीन जातींच्या आयातीवर बंदी घातली. कारण होते गोचीड. आफ्रिकेतून फ्लोरिडात आलेल्या कासवांवरच्या गोचिडांत हार्टवॉटर या रोगाचे जंतू सापडले होते. हा रोग गाई, शेळ्या-मेंढ्या आणि हरणांना मारतो. त्याच वर्षी साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रानातून पकडलेल्या सुल्काटाचा व्यापारी निर्यात-कोटा शून्यावर आणला गेला. तिथून पुढे अमेरिकेतला बाजार घरच्या पैदाशीवर चालू लागला.

रानातली पकड थांबली ही चांगलीच गोष्ट झाली. पण मादी एका वेळी साधारण 15 ते 30 अंडी घालते, एका हंगामात अनेकदा घालते आणि हे कित्येक दशके चालते. पिल्लू 30-40 ग्रॅमचे, तळहातावर मावणारे आणि स्वस्त, त्यामुळे ते लगेच विकले जाते. दहा-बारा वर्षांत तेच कुंपणाला धडका देते, बिळे खणून भिंतीचा पाया पोकळ करते आणि रोज टोपलीभर गवत खाते. हे कासव 50 वर्षांहून अधिक जगू शकते, म्हणजे बऱ्याचदा मालकाच्या मागेही उरते.

शेजारच्याच रानातल्या कासवाचा धडा अमेरिकेसमोर होता. नैऋत्य अमेरिकेच्या मोहावी वाळवंटातले कासव 1990 मध्ये केंद्रीय कायद्याने संकटग्रस्त ठरले, तरी घराघरांत पाळलेल्या कासवांची पिल्ले वाढतच राहिली. शेवटी नेवाडा राज्याने 2013 पासून नव्याने पाळणाऱ्याला एकच कासव ठेवण्याची मर्यादा घातली. सुल्काटा परदेशी असल्यामुळे त्याला असा लगाम लागला नाही.

ही जादा कासवे आफ्रिकेत परत का सोडत नाहीत, असे बरेच जण विचारतात. त्यांचे मूळ ठाऊक नसते, वेगवेगळ्या भागांतली रक्ते मिसळलेली असतात, आणि श्वसनमार्गाचे संसर्ग बाहेरून निरोगी दिसणाऱ्या कासवातूनही रानात जाऊ शकतात. सेनेगलमध्ये नोफ्लाये इथल्या कासवग्रामातून फेर्लो भागात सुल्काटा सोडली गेली आहेत, पण तो स्थानिक कासवांवर उभा राहिलेला प्रकल्प आहे. अंगणातल्या पैदाशीला ‘संवर्धन’ म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पिल्ले वाढवण्याच्या समजुतीही याच काळात बदलल्या. हे वाळवंटाकडचे कासव, तेव्हा पिल्लूही कोरडे ठेवा, असा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. परिणामी कवचाची प्रत्येक ढाल टेकडीसारखी उंच वाढलेली कासवे सगळीकडे दिसू लागली. दोष खाण्यातल्या प्रथिनांना दिला गेला. 2003 मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी 50 पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांचे उंचवटे स्पष्टपणे मोठे निघाले, प्रथिनांचा परिणाम किरकोळ ठरला. साहेलचा विचार केला तर हे पटते. पिल्ले पावसाच्या सुमारास बाहेर येतात आणि दिवसाचा बराच वेळ दमट बिळात काढतात. आज पहिली दोन वर्षे बंद पेटीत 80 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखतात, रात्रीही तापमान 26 अंशांखाली जाऊ देत नाहीत आणि रोज 15-20 मिनिटे कोमट, उथळ पाण्यात बसवतात. थंड ओलावा मात्र घातक, त्यातून न्यूमोनिया होतो.

उबवणीचे तंत्र आता पक्के झाले आहे. अंडी काढताना वरची बाजू पेन्सिलीने खुणावतात आणि ती तशीच ठेवतात, कारण पहिल्या दिवसानंतर अंडे उलटले तर आत चिकटलेला गर्भ मरू शकतो. अंड्यांखाली घालायचे व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारे हलके खनिज) इतपतच ओले हवे की मुठीत गोळा व्हावा पण पाणी गळू नये. जास्त ओल झाली तर अंड्याचे कवच तडकते. 28-29 अंशांना बहुतेक नर होतात, 32 च्या आसपास बहुतेक माद्या. 33 च्या वर गेल्यास वेड्यावाकड्या किंवा जादा ढालींची पिल्ले निघतात. सुमारे तीन ते चार महिन्यांत कवच फुटते. बाहेर यायला पिल्लू दोन-तीन दिवस घेते, कारण पोटाखालची बलकाची पिशवी अजून आत शोषली जात असते. या टप्प्यावर कवच सोलून ‘मदत’ केली की पिशवी फाटते.

अवघड भाग अंडी न उबवण्याचा आहे. नर वेगळा केला तरी मादी साठवलेल्या शुक्राणूंवर पुढची काही वर्षे फलित अंडी घालू शकते. तिला मऊ, खोल माती मिळालीच पाहिजे. जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकतात आणि जीवावर बेततात. म्हणून तिला खणू द्यावे, नंतर घरटे उकरावे. नको असलेली अंडी एका दिवसाच्या आत, गर्भाची वाढ सुरू होण्याआधी, दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवतात. जेवढ्या पिल्लांना जागा आणि कुंपण असलेले घर आधीच ठरले आहे तेवढीच अंडी उबवणी-यंत्रात जावीत. पिल्लू दहा सेंटिमीटरचे होईपर्यंत द्यायचे नाही. यापेक्षा लहान कासव पाळीव म्हणून विकायला अमेरिकेत 1975 पासून बंदी आहे, साल्मोनेला जंतूंमुळे.

भारतात 2022 च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतल्या जाती वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या आणि 2024 च्या नियमांनी त्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर बंधनकारक झाली. सुल्काटाही त्यात येते. जवळ असलेल्या कासवाबरोबर हस्तांतर, जन्म आणि मृत्यू यांचीही नोंद द्यावी लागते. आपले तारा कासव पाळणे हा मात्र गुन्हाच आहे. महाराष्ट्रात सुल्काटा ठेवणाऱ्यांनी हवामानाचा हिशेब वेगळा करावा. ते शीतनिद्रा घेत नाही, त्यामुळे पुण्या-नाशिकच्या डिसेंबरच्या रात्री त्याला गरम पेटी लागते. कोकणात जुलैमध्ये बिळात पाणी भरते, म्हणून तिथे उंच जोत्यावरचा कोरडा, छपराचा निवारा आधी बांधावा लागतो.