पोवळ्याचा रंग कुठल्या उजेडातला?

दादरच्या दुकानात साडी पसंत पडली की आई ती हातात घेऊन थेट दारापर्यंत येते. "ट्यूबखाली मोरपंखी दिसतेय, उजेडात बघू." मुलुंडच्या मित्राच्या समुद्री फिशटँकपुढे मला तिची ही सवय आठवली.

त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत बशीच्या आकाराचं एक प्रवाळ निखाऱ्यासारखं पेटलेलं होतं. घरी गेलो तर पांढऱ्या दिव्याखाली तेच विटकरी, खरं सांगायचं तर गाळलेल्या चहापत्तीसारखं. "सातपर्यंत थांब," तो म्हणाला. सातला टायमरने पांढरे एलईडी विझले, निळे तेवढे राहिले आणि बशी पेटली.

प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं बिऱ्हाड करून राहतात, प्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतात. तपकिरी छटा मुख्यतः या भाडेकरूंची. झगमगाट मात्र प्राण्याच्या स्वतःच्या प्रथिनांचा. ती निळा प्रकाश शोषतात आणि हिरवा, नारिंगी किंवा लाल बाहेर टाकतात. हीच प्रतिदीप्ती. ऑर्केस्ट्राच्या जांभळ्या दिव्यात पांढरा शर्ट चमकतो तोही याच कारणाने, तिथे कामगिरी धुण्याच्या पावडरीतल्या रसायनाची असते. पांढऱ्या उजेडातही प्रवाळ चमकतच असतं, पण भर दुपारी लावलेली पणती कुणाला दिसते? ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा दिवा ती दुपार घालवतो.

मित्राची बशी म्हणजे डिस्कोसोमा, हौशी लोकांच्या भाषेत 'मश्रूम'. याच्याच एका जातभाईतलं लाल प्रथिन १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी जगापुढे आणलं. त्याचा हिरवा भाऊ त्याआधी, १९६२ मध्ये, ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून वेगळा केला होता; त्या कामासाठी त्यांना २००८ चं नोबेल विभागून मिळालं. आज ही प्रथिनं प्रयोगशाळांत पेशींवर खुणा करायला वापरतात. शोभेच्या टँकमधल्या जिवाची ही कमाई मला निळ्या दिव्याच्या थाटापेक्षा जास्त भावते.

मग निळा दिवा ही फसवणूक का? अगदीच नाही. समुद्राचं पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, त्यामुळे खोलवरच्या प्रवाळांच्या वाट्याला निळाच उजेड येतो. मात्र टँकवरचा निळा फारच निवडक असतो.

खरी गंमत पुढे. मी मोबाइल काढला, क्लिक केलं, तर सगळा टँक नुसता जांभळा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साधारण निम्मे ठिपके हिरवा रंग टिपतात, उरलेल्यांत लाल-निळे सारखे. निळ्या दिव्याखाली निळे ठिपके काठोकाठ भरतात, लाल जवळपास रिकामे राहतात. पांढरा रंग शोधायला निघालेला मोबाइल मग लाल बळेच वाढवतो. आपला डोळा थोड्या वेळात त्या निळ्याला सरावतो, मोबाइलला ते तितकंसं जमत नाही. मित्राने ड्रॉवरमधून आकाशकंदिलाचा उरलेला नारिंगी जिलेटीन कागद काढून लेन्सवर धरला. निळा अडला, निखारा जसाच्या तसा आला!

इथवर ठीक. पुढे बोट सॅच्युरेशनच्या, म्हणजे फोटोतले रंग भडक करायच्या, पट्टीवर जातं. विकायचं प्रवाळ असेल तर ते जरा जास्तच पुढे सरकतं. अशा वेळी मी प्रवाळाकडे बघतच नाही, वाळूकडे बघतो. वाळू निळी असेल तर दिवा निळा होता, एवढं तरी कळतं. पण वाळू पांढरीशुभ्र, शेजारचा मासा नेहमीच्या रंगाचा आणि प्रवाळ तेवढं निऑन, तर ते एकटंच रंगवलेलं असण्याचा दाट संशय. सरळ पांढऱ्या दिव्याखालचा फोटो मागावा. तोच आपला दुकानाचा दरवाजा.

मुंबईची स्वतःचीही प्रवाळं आहेत, हे कित्येकांना कोस्टल रोडमुळे कळलं. २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. दगडी प्रवाळं कायद्याने वाघाच्या पंक्तीत बसतात, त्यामुळे हातही लावायचा नाही. ओहोटीला पाहिली तर करडी-तपकिरी, पटकन दगडच वाटतील अशी. मी काढलेला फोटो मित्राला दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि विचारलं, "दिवसा काढलास ना?"