काळं पडलेलं नख उपटू नका
डोंगर उतरून आल्यावर अंगठ्याचं नख काळंनिळं दिसलं, की कुणीतरी हमखास सांगतं, ‘उपटून टाक, नवं लवकर येईल.’ कृपा करून असं करू नका. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात आणि नखाखाली रक्त साकळतं. काळं दिसतं ते तेच. वरचं नख हे खालच्या नाजूक त्वचेचं झाकण. ते ओढून काढलं तरी पायाचं नवं नख पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतातच, उघड्या जखमेत जंतू मात्र शिरतात. पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा, सुटलेली कड तेवढी कापा. ठणका असह्य असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जा. ते नखाला बारीक छिद्र पाडून रक्त काढतात, लगेच हलकं वाटतं. घरी तापवलेली सुई नकोच. मधुमेह असेल किंवा पू दिसला, तर वाट पाहू नका.