रश्शावर इंद्रधनुष्य का दिसत नाही?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. उजनीचं पाणी, त्यावर सोनेरी-जांभळी वेटोळी आणि खाली मजकूर : ‘धरणात केमिकल सोडलंय, पाणी उकळून प्या.’ सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं, त्यामुळं घबराट साहजिक. (केमिकल उकळून जात नसतं, हे कुणालाच आठवलं नाही.) व्हिडिओच्या कोपऱ्यात मात्र एका होडीचं मागचं टोक आणि त्याला लटकवलेली मोटार स्वच्छ दिसत होती.

तवंग साधारण दहा बाय दहाच्या खोलीएवढा होता. असे रंग उमटायला तेलाचा थर ०.०००३ मिलिमीटर जाडीचा असला तरी पुरतो. गुणाकार केला तर तीन मिलिलिटरही भरत नाही. म्हणजे अर्धा चमचा तेल, आणि अख्खी सोसायटी हवालदिल!

मटणाच्या रश्शावर याच्या कैक पट तवंग असतो, पण तिथं कधी इंद्रधनुष्य पाहिलंय? प्रकाश तेलावर पडला की थोडा वरूनच परततो, थोडा आत शिरून तेलाच्या तळाशी, पाण्याच्या सीमेवरून परततो. दुसऱ्याला जाण्या-येण्याचं जादा अंतर पडतं. दोन्ही लाटा डोळ्यात भेटताना उंचवट्यावर उंचवटा आला तर तो रंग उजळतो, उंचवट्यावर खळगा आला तर मरतो. इथं एक गोम आहे. तेलाचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती पट मंदावतो, तो आकडा) सुमारे १.४५, हवेपेक्षा जास्त. म्हणून वरून परतणारी लाट उलटी होते. पाण्याचा १.३३, तेलापेक्षा कमी. म्हणून तळाची लाट उलटत नाही. त्यामुळं शाळेतल्या हिशेबाच्या (जादा अंतर पूर्ण तरंगलांबीएवढं आलं की रंग उजळतो) उफराटं घडतं : जाडीची दुप्पट गुणिले १.४५ ही संख्या ज्या रंगाच्या तरंगलांबीएवढी येते, नेमका तोच रंग मरतो. निळा (४५० नॅनोमीटर; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) मरतो १५५ नॅनोमीटर जाडीला, हिरवा १८३च्या आसपास, लाल (६५०) २२४ला. निळा गेला की उरलेलं सोनेरी दिसतं, हिरवा गेला की जांभळट, लाल गेला की निळसर. त्याहून पातळ थर नुसता चंदेरी. थर काही हजार नॅनोमीटरच्या पुढं गेला की एकाच जागी अनेक छटा मरतात, अनेक जगतात आणि डोळ्याला सगळ्यांचा काला दिसतो. रश्शाचा तवंग त्याहूनही फार जाड, म्हणून तो फक्त तिखटाचा रंग दाखवतो.

थोडक्यात, पाण्यावरचे रंग ही जाडीची फूटपट्टी आहे. ती वाचता आली की गळतीचा पत्ता लागतो. हे पडताळायला मी करमाळ्याच्या बाजूला काठावर गेलो. तिथून इंदापूरच्या काठाला माणसं आणि मोटारसायकली नेणाऱ्या होड्या सुटतात, मासेमारीच्याही असतात. अशाच एका मासेमारीच्या होडीच्या मोटारीला लिंबू-मिरची बांधलेली होती. गळती थांबावी म्हणून, असं होडीवाल्या मामांनी सांगितलं. कुणीतरी त्यांना तवंगावर साबणाचं पाणी ओतायचाही सल्ला दिला होता. साबणानं तेल नाहीसं होत नाही, बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं, म्हणजे थेट माशांच्या कल्ल्यांत.

आधी काठी घेतली. दलदलीत लोहजिवाणूंची साय अगदी तेलासारखी चमकते, पण काठीनं डिवचली की काचेसारखे तुकडे होतात. आमचा तवंग वाहून पुन्हा जुळला. तेलच होतं.

मग मोटार बंद ठेवून वाट पाहिली. जुन्या टू-स्ट्रोक मोटारीत जळालेला धूर बाहेर जाताना ताजं मिश्रणही निसटतं, पाव हिश्शापर्यंत इंधन न जळताच पाण्यात उतरतं. मोटार चालू असतानाच तवंग येत असेल तर ती गळती नव्हे, त्या यंत्राची खोडच आहे. इथं मोटार बंद होती, आणि तरी दर मिनिटा-दोन मिनिटांनी पाण्यावर रंगीत कडी उमलत होती. मधोमध जाडी जास्त, कडेला कमी. कड्यांचा मध्य जिथं, त्याच्या खाली भोक.

कड्यांचा मध्य मोटारीच्या पाण्यातल्या पंख्याच्या बरोबर वर होता. तरी वरचं झाकण काढून पांढरा कागद फिरवला. पेट्रोलचा डाग पाहता पाहता उडतो, तेलाचा राहतो. कागद कोरडा निघाला. पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा मात्र कडक झाला होता. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं (आपल्याच जिल्ह्यातल्या उसाची कृपा), आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. फुगा बदलायला सांगितला. गळती शोधताना काडी पेटवू नका, हेही सांगितलं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचून राहते.

उरला खालचा गिअर. बुडाचा स्क्रू सैल केला तर आधी पाणी आलं, मग दुधाळ चहासारखं तेल, गंधकाचा वास मारत. तेलात अडकलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश विखुरतात, म्हणून तो दुधाळपणा. मोटार तापली की तेल फुगून पंख्याच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलमधून बाहेर येतं. थंड होताना तेच सील पाणी आत ओढून घेतं. तवंग दिसणं हा निम्माच तोटा, दुसरा निम्मा आत दाते गंजवत असतो.

मामांनी पंखा काढला. दांड्यावर, सीलच्या ओठाला चिरत, तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घट्ट गुंडाळला गेला होता. उलगडला तर हातभर भरला. मामा जरा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “सर, हा आमच्याच जाळ्याचा.”