डेस्कटॉप डेटाबेस : बिघाड, निदान आणि दुरुस्ती

स्वतंत्र सर्व्हर न लावता, एकाच संगणकावरच्या किंवा नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमधल्या फाइलवर चालणाऱ्या डेटाबेसला डेस्कटॉप डेटाबेस म्हणतात. डीबेस, फॉक्सप्रो आणि १९९२ मध्ये आलेला मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस ही त्यांतली परिचित नावे. २००० साली आलेले एसक्यूलाइट आज फोन, ब्राउझर आणि असंख्य छोट्या प्रोग्रामांच्या पोटात असते. अशा फाइलची आतली रचना मोडून ती वाचता येईनाशी झाली, की ‘फाइल करप्ट झाली’ असे म्हटले जाते. पण हा शब्द फार सैल वापरला जातो. कधी खरोखर डेटाच मोडलेला असतो. कधी डेटा शाबूत असतो आणि फॉर्म, रिपोर्ट किंवा कोड बिघडलेला असतो. कधी फाइलला काहीच झालेले नसते, दोष नेटवर्कचा, परवानग्यांचा किंवा एखाद्या हरवलेल्या लायब्ररीचा (प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडच्या फाइलचा) असतो. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे, आणि भलतीच दुरुस्ती केली तर वाचलेला डेटाही हातचा जातो.

कारणे : सर्व्हर असलेल्या डेटाबेसमध्ये फाइलला हात लावणारा एकच प्रोग्राम असतो, बाकीचे त्याच्याकडे फक्त मागणी करतात. ॲक्सेस किंवा फॉक्सप्रोमध्ये प्रत्येकाचा संगणक स्वतः ती फाइल उघडतो आणि स्वतः तिच्यात लिहितो. ॲक्सेसचे जेट इंजिन फाइलचे पानांमध्ये तुकडे करते. ॲक्सेस २००० पासून हे पान ४ केबीचे आहे, त्याआधी २ केबीचे होते. एक साधी नोंद वाढवली तरी डेटाचे पान, प्रत्येक इंडेक्सचे (नोंदी झटपट शोधण्यासाठीच्या सूचीचे) पान आणि मोकळ्या जागेचा हिशेब ठेवणारे पान, अशी बरीच पाने बदलतात. त्यांतली दोन लिहून झाली आणि तेवढ्यात वीज गेली, वाय-फाय तुटले किंवा ‘हँग झाले’ म्हणून कुणी टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम मारला, की फाइलचा एक भाग नवा आणि एक भाग जुना राहतो.

जेटने यासाठी एक साधी युक्ती केली आहे. फाइलच्या पहिल्याच पानात २५५ वापरकर्त्यांसाठी प्रत्येकी दोन बाइट राखलेले असतात. लिहायला सुरुवात करताना त्या बाइटांचे मूल्य बदलते, लेखन पुरे झाले की पूर्ववत होते. मधेच संगणक बंद पडला तर खूण तशीच राहते, आणि पुढे फाइल उघडणाऱ्याला ती संशयास्पद असल्याचे कळते. म्हणून कधीकधी डेटा पूर्ण ठीक असूनही दुरुस्तीची सूचना येते.

पेन ड्राइव्ह तसाच उपटणे, चालू फाइल क्लाउड-सिंक फोल्डरमध्ये ठेवणे, डिस्कचे खराब झालेले सेक्टर ही नेहमीची कारणे. काही वेळा वापरणाऱ्यांचा काडीचा दोष नसतो. विंडोज १० ची १८०३ ही आवृत्ती २०१८ मध्ये आल्यानंतर सामायिक फोल्डरमधल्या ॲक्सेस फाइली ठिकठिकाणी वारंवार ‘अनरेकग्नाइज्ड फॉरमॅट’ म्हणू लागल्या. फाइलचा काही भाग वापरकर्त्याच्या संगणकावर तात्पुरता धरून ठेवणारी ‘लीजिंग’ ही सोय त्यामागे होती, आणि फाइल ठेवलेल्या संगणकावर ती बंद करणे हा उपाय मायक्रोसॉफ्टनेच सुचवला. एकच फाइल आठवड्यातून दोनदा बिघडत असेल तर फाइल दुरुस्त करत बसण्यापेक्षा तिच्याभोवतीची व्यवस्था तपासावी ती याचसाठी.

संदेश आणि प्रत्यक्ष दोष : त्रुटीच्या संदेशावर शब्दशः विश्वास ठेवणे हा या कामातला सर्वांत महाग पडणारा दोष आहे. ॲक्सेस फाइलची कमाल मर्यादा २ जीबी आहे. ती गाठली की जागा संपल्याचे स्पष्ट न सांगता अनेकदा ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ एवढेच येते, आणि माणूस कोड तपासत बसतो. पुसलेल्या नोंदींची जागा फाइल आपोआप परत करत नाही, त्यामुळे तात्पुरती टेबले भरून रिकामी करणारा प्रोग्राम मोजक्या नोंदींतही ही मर्यादा गाठू शकतो. दुसरे उदाहरण त्रुटी क्रमांक ३१९७ चे. ‘तुम्ही आणि दुसरा वापरकर्ता एकाच वेळी हाच डेटा बदलत आहात’ असा तिचा आशय. फाइल एकट्यानेच उघडलेली असताना हा संदेश आला, तर बहुधा लांब मजकुराच्या, म्हणजे मेमो फील्डचा दुवा तुटलेला असतो. तिसरे, नव्या संगणकावर ‘डेट’ किंवा ‘लेफ्ट’ यांसारखी साधी फंक्शनेसुद्धा अचानक चालेनाशी होतात. तिथे फाइल करप्ट नसते. कोड एडिटरच्या रेफरन्सेस यादीत एखाद्या लायब्ररीपुढे ‘मिसिंग’ लिहिलेले सापडते, ती खूण काढली किंवा योग्य लायब्ररी निवडली की सगळे पूर्ववत.

पहिली पावले : सर्वांना बाहेर काढावे आणि फाइलची प्रत घ्यावी. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवरच. हा नियम इतका साधा आहे, तरी घाईत तोच मोडला जातो आणि नुकसानही तिथेच होते. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही आज्ञा फाइल जागच्या जागी शिवत नाही. ती वाचता येईल तेवढे नव्या फाइलमध्ये लिहून काढते आणि जे समजले नाही ते मागे टाकते. एखाद्या टेबलात एकच किल्ली, म्हणजे नोंदीची एकमेव ओळख ठरणारे मूल्य, दोन नोंदींना लागलेली असेल तर प्राथमिक किल्ली आणि तिच्यावर उभे असलेले टेबलांमधले संबंधही गळू शकतात. जुनी प्रत नसेल तर काय गळाले हे नंतर कळायला मार्ग उरत नाही.

सर्वजण खरोखर बाहेर पडले का, हे लॉक फाइलवरून ताडता येते. मुख्य फाइलशेजारी .एलडीबी किंवा .एलएसीसीडीबी अशी छोटी फाइल असते. तिच्यात प्रत्येकासाठी ६४ बाइट असतात, पहिल्या ३२ मध्ये संगणकाचे नाव आणि पुढच्या ३२ मध्ये वापरकर्त्याचे. साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी नावे वाचता येतात. मात्र बाहेर पडलेल्याचे नावही तिथे राहते, म्हणून ही यादी म्हणजे हजेरीपट नव्हे. सर्वांनी बंद केल्यावरही ही फाइल मागे उरली, तर कुणाचा तरी संगणक वाटेतच बंद पडला असावा, किंवा त्या फोल्डरमध्ये फाइल पुसण्याची परवानगी नसावी.

एसक्यूलाइटमध्ये प्रत घेताना आणखी सांभाळावे लागते. बदल अर्धवट राहिला तर मागे फिरण्यासाठी लागणारी माहिती मुख्य फाइलशेजारच्या ‘-जर्नल’ फाइलमध्ये असते. दुसऱ्या पद्धतीत नवे बदल आधी ‘-डब्ल्यूएएल’ फाइलमध्ये जमा होतात. वीज गेल्यानंतर ही फाइल ‘कचरा’ समजून पुसली, किंवा फक्त मुख्य फाइल उचलून दुसरीकडे नेली, तर आपोआप सावरू शकणारा डेटाबेस आपल्या हाताने मोडतो. दोन्ही फाइली एकत्रच हलवाव्यात. नंतर प्रतीवर ‘इंटिग्रिटी चेक’ चालवावा. ‘ओके’ एवढेच उत्तर आले तर रचना ठीक आहे. ‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ हा संदेश खऱ्या मोडतोडीचा असतो, तेव्हा ‘रिकव्हर’ आज्ञेने पानापानांतून नोंदी वेचून नवी फाइल बनवता येते. ‘फाइल इज नॉट अ डेटाबेस’ आले तर आधी फाइलचे पहिले १६ बाइट पाहावेत. निरोगी फाइल ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ या अक्षरांनी सुरू होते. तिथे भलतेच काही असेल तर फाइल कूटबद्ध आहे, किंवा तिच्यावर दुसरेच काही लिहिले गेले आहे.

हेडरमधली नोंदसंख्या : डीबेस-फॉक्सप्रोची .डीबीएफ फाइल इतकी सरळ आहे की तिचा बिघाड कागद-पेन्सिलीने पकडता येतो. हेडरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या भागात, नोंदींची संख्या, हेडरची लांबी आणि एका नोंदीची लांबी लिहिलेली असते. समजा १२ फील्डांचे डीबेस-३ प्रकारचे टेबल आहे. हेडर ३२ अधिक १२ गुणिले ३२ अधिक १, म्हणजे ४१७ बाइटांचे. नोंद १२० बाइटांची. डिस्कवर फाइल ६,००,४१८ बाइटांची दिसते. हेडरचे ४१७ आणि शेवटच्या खुणेचा १ वजा केला की उरतात ६,००,०००, म्हणजे नेमक्या ५,००० नोंदी. हेडर मात्र ४,९९८ सांगते. नोंद फाइलच्या शेवटी लिहिली गेली, पण हेडरमधला आकडा वाढण्याआधी संगणक बंद पडला, म्हणून हा फरक. दोन्ही नोंदी डिस्कवर जशाच्या तशा आहेत, प्रोग्रामला फक्त त्या दिसत नाहीत. फाइलचे बाइट दाखवून बदलू देणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये चौथ्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) ‘८६ १३ ०० ००’ (१६ च्या पायावर, उलट क्रमाने लिहिलेले ४,९९८) दिसेल, ते ‘८८ १३ ०० ००’ केले की दोन्ही परत येतात. एका बाइटचे काम. पण त्याआधी कुणी नवी नोंद टाकली तर ती हरवलेल्या नोंदीच्याच जागेवर बसण्याचा धोका असतो. ‘काम चालू ठेवा, संध्याकाळी बघू’ असे अशा वेळी कधीही म्हणू नये. व्हिज्युअल फॉक्सप्रोच्या आठव्या आवृत्तीपासून टेबल उघडतानाच हा ताळा पाहण्याची सोय आली.

इंडेक्स बिघडला तर शोध चुकतो किंवा नोंदी गायब वाटतात, मूळ डेटा मात्र सुरक्षित असतो. तिथे ‘रीइंडेक्स’ आज्ञेवर भिस्त ठेवू नये, कारण ती जुन्याच .सीडीएक्स (इंडेक्सच्या) फाइलच्या हेडरवर विसंबते. इंडेक्स पूर्ण काढून टाकून नव्याने बांधणे बरे.

ॲक्सेसमधील नोंदी वाचवणे : लांब मजकूर नोंदीत नसतो, वेगळ्या पानावर असतो आणि नोंदीत फक्त त्याचा पत्ता असतो. पत्ता चुकला की फील्डमध्ये ‘#डिलीटेड’ किंवा चिनी वाटणारी अक्षरे दिसतात, कारण भलतेच बाइट दोन-दोनच्या जोडीने युनिकोड म्हणून वाचले जातात. अशी एक नोंद संपूर्ण टेबलाची निर्यात अडवू शकते. मग अर्धे-अर्धे करत जावे. रिकाम्या नव्या फाइलमध्ये तसेच टेबल करून आधी निम्म्या क्रमांकांच्या नोंदी जोडायच्या. चालले तर दोष दुसऱ्या अर्ध्यात. ८,००० नोंदींत एक खराब असेल तर १३ प्रयत्नांत ती हाती लागते. मग तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या सगळ्या नोंदी नेता येतात, आणि त्या एकीतूनही मेमो सोडून बाकीची फील्डे बहुधा निघतात. टेबले अशी गेल्यावर क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट एकेक करून आयात करावेत. जो एक अडकतो, तोच बिघडलेला.

कोडचा बिघाड : ॲक्सेस फाइलमध्ये व्हीबीए (ॲक्सेसची प्रोग्रामिंग भाषा) कोड दोन रूपांत राहतो, लिहिलेला मजकूर आणि त्याचे भाषांतरित रूप. दोघांचा मेळ तुटला की विचित्र लक्षणे दिसतात. ब्रेकपॉइंट (तपासणीसाठी प्रोग्राम थांबवण्याची खूण) काढून टाकल्यावरही प्रोग्राम त्याच ओळीवर थांबतो, किंवा फॉर्म उघडताच ॲक्सेस बंद पडते. ‘/डीकंपाइल’ स्विच लावून प्रत उघडल्यास भाषांतरित रूप टाकून दिले जाते. त्यानंतर कॉम्पॅक्ट करून कोड पुन्हा कंपाइल करावा. ‘ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट’ ही ओळ मात्र निदान करताना आधी बंद करावी. ती चूक दुरुस्त करत नाही, फक्त झाकते, आणि अर्धवट लिहिलेला डेटा महिनोन्‌महिने साचू देते. त्रुटीचा क्रमांक, प्रोसिजरचे नाव आणि वेळ एका वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवणारा प्रोग्राम पुढच्या माणसाचे कितीतरी तास वाचवतो.

मुळात डेटाची टेबले एका फाइलमध्ये आणि फॉर्म-कोड दुसऱ्या फाइलमध्ये ठेवून ही दुसरी फाइल प्रत्येकाच्या संगणकावर स्वतंत्र द्यावी. मग कोड बिघडला तरी डेटाला धक्का लागत नाही आणि नवी प्रत देऊन दोन मिनिटांत काम सुरू होते. आजही कितीतरी ठिकाणी सर्वजण एकाच फाइलमध्ये शिरतात, हे खेदजनक आहे.

दुरुस्तीनंतरचा ताळा : फाइल उघडली म्हणजे काम झाले असे नाही. प्रत्येक टेबलाची नोंदसंख्या, रकमांच्या फील्डांची बेरीज आणि सर्वांत मोठा क्रमांक शेवटच्या चांगल्या बॅकअपशी ताडून पाहावा. प्राथमिक किल्ल्या आणि संबंध जागेवर आहेत का, स्वयंक्रमांकाचा पुढचा आकडा मागे सरकलेला नाही ना, हेही तपासावे. नाहीतर पहिलीच नवी नोंद जुन्या क्रमांकाला जाऊन धडकते. बॅकअप घेताना डेटाबेस बंद असावा. एसक्यूलाइटमध्ये चालू स्थितीत प्रत घ्यायची असेल तर त्याचीच बॅकअप आज्ञा वापरावी, नुसती फाइल कॉपी करू नये. बिघडलेली मूळ फाइल तारखेसह बाजूला जपून ठेवावी, कारण सुटून गेलेली नोंद बऱ्याचदा कुणी जुना अहवाल काढायला बसल्यावरच लक्षात येते.