बर्फ टाकला म्हणून कूलरचा एसी होत नाही

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की नवी पेठेत 'मिनी एसी' मिरवू लागतात. यूएसबीवर चालणारा डबा. बर्फ टाका, खोली गारेगार! कूलरच्या टाकीत बर्फाच्या लाद्या टाकायच्या तेव्हापासूनचा हा समज.

हिशेब बघा. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. एक टनाचा एसी तेवढी दीड मिनिटात बाहेर फेकतो. डब्यात मावतो मूठभर बर्फ.

आत असतो छोटा पंखा नि ओला फिल्टर. गारवा येतो तो पाणी सुकण्यातून: एक लिटर पाणी त्या बर्फाच्या सातपट उष्णता घेतं. आपली हवा कोरडी, त्यामुळे तोंडासमोर झुळूक लागते, खोटं कशाला बोला. खिडकी मात्र उघडीच ठेवा, नाहीतर दमटपणाने घामच फुटेल.