कंबरदुखीतली निदानाची सुई कितपत भरवशाची?

एमआरआयमध्ये मणक्यांमागचे छोटे फॅसेट सांधे झिजलेले दिसले, तरी दुखणं तिथूनच येतं असं नाही; तशी झीज कधीच न दुखलेल्या कमरेतही सापडते. म्हणून त्या सांध्याची संवेदना वाहून नेणाऱ्या बारीक नसा काही तास बधिर करून पाहतात; यालाच ब्लॉक म्हणतात. दुखणं थांबलं, तर रेडिओफ्रिक्वेन्सीच्या सुईने त्याच नसा साधारण 80 अंश सेल्सिअसला जाळायच्या. पुढचा सगळा निर्णय या एका उत्तरावर उभा असतो, आणि ते उत्तर बऱ्याचदा चुकतं.

प्रत्येक सांध्याला दोन नसा असतात. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधला सांधा तपासायचा, तर तिसऱ्या आणि चौथ्या पातळीवरच्या नसा बधिर कराव्या लागतात. सुई क्ष-किरणांत पाहत हाडाच्या खाचेपर्यंत नेतात. औषध प्रत्येक जागी फार तर अर्धा मिलिलिटर. जास्त सोडलं की ते शेजारच्या स्नायूंत किंवा मुख्य नसेच्या वाटेकडे पसरतं आणि आराम भलत्याच कारणाने पडतो. उलट, टोक रक्तवाहिनीत गेलं तर औषध वाहून जातं आणि खरा दुखरा सांधाही निर्दोष ठरतो. म्हणून आधी थोडं कॉन्ट्रास्ट, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारं द्रव्य, सोडून पाहायचं. झोपेचं किंवा अफूवर्गीय वेदनाशामक औषध दिलं, तर आराम नेमका कशाचा हे कळत नाही.

एकाच ब्लॉकमध्ये खोट्या होकाराचं प्रमाण अनेक अभ्यासांत 25 ते 40 टक्के आढळलं आहे. समजा, 100 जणांपैकी 15 जणांचंच दुखणं खरोखर या सांध्याचं आहे. उरलेल्या 85 पैकी 30 टक्के, म्हणजे सुमारे 25 जणांनाही ‘बरं वाटलं’. होकार आले 40, त्यातले निम्म्याहून जास्त चुकीचे!

यावर उपाय म्हणजे वेगळ्या दिवशी दुसरा ब्लॉक: एकदा लिडोकेन हे बधिर करणारं औषध, एकदा जास्त वेळ टिकणारं बुपिव्हाकेन. कोणतं औषध कधी दिलं, हे रुग्णाला सांगायचं नाही. दोन्ही वेळा आराम पडला आणि बुपिव्हाकेनचा जास्त टिकला, तर निदानाला बळ येतं. या कडक निकषात काही खरे रुग्णही गळतात. तरी नस जाळण्यापूर्वी दुसरी खात्री हवीच, असं आमचं ठाम मत आहे.

रुग्णाची नोंदवही इथे सुईइतकीच महत्त्वाची. ब्लॉकआधी शून्य ते दहामध्ये वेदनेचा आकडा लिहावा. नंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने, एरवी दुखवणाऱ्याच हालचाली करून पुन्हा लिहावा; नुसतं पडून राहिलं तर काहीच कळत नाही. आणि त्या दिवशी कंबर मुळात दुखतच नसेल, तर ब्लॉक पुढे ढकलावा.