रोल केज आणि चाइल्ड सीट: अर्ध्या मीटरचं गणित

ऑफ-रोड गाडीला रोल केज, म्हणजे आतून पोलादी पाइपांचा पिंजरा, बसवला की मागच्या बाजूला चाइल्ड सीट टाकायला हरकत नाही, असा एक पक्का समज आहे. गाडी उलटली तर केज छत चेपू देत नाही, हे खरं. पण तो ज्या डोक्यांसाठी आखलेला असतो ती हेल्मेटमध्ये असतात आणि त्यांची धडं सीटला करकचून बांधलेली असतात. चाइल्ड सीटमधलं डोकं उघडं असतं आणि धडकेत ते पुढे झेपावतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. 44 प्रमाणे 50 किमी वेगाच्या समोरासमोरच्या चाचणीत, पुढे तोंड करून बसवलेल्या सीटमधलं डोकं बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथून 550 मिमी पुढे जाऊ शकतं. तेवढी मुभा नियमच देतो. उंचीच्या दिशेने मर्यादा 800 मिमी. साध्या गाडीत त्या जागेत हवा असते. केजच्या गाडीत तिथे पुढच्या सीटमागचा आडवा हार्नेस बार, म्हणजे सीटचे पट्टे बांधायचा पाइप, असू शकतो.

म्हणून पहिलं हत्यार ग्राइंडर नव्हे, मोजायचा टेप. जी चाइल्ड सीट वापरायची तीच आधी पक्की बसवा, 550 आणि 800 ही मापं टाका, त्या चौकटीत शिरणारा प्रत्येक पाइप खडूने रंगवा. बाजूचे आणि छताचे पाइप विसरू नका. याच नियमातल्या उलटवण्याच्या चाचणीत, सीट सावकाश फिरवत असतानासुद्धा, डोकं मूळ जागेपासून 300 मिमी सरकलं तरी चालतं. चौकटीत येणारा हार्नेस बार हलवावा किंवा सीटची जागा बदलावी. मेन हूपला, म्हणजे केजच्या मुख्य कमानीला, मात्र कटर लावायचा नाही.

हलवता येत नाहीत ते पाइप फोमने झाकायचे, आणि नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. डोकं सेकंदाला 5 मीटर वेगाने नागड्या पाइपवर आदळलं आणि 5 मिमीत थांबलं, तर मंदन येतं वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, म्हणजे 2500 मीटर प्रति सेकंद वर्ग, सुमारे 250 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 250 पट). तेच डोकं 35 मिमीत थांबवलं तर 36 जी. आता 35 मिमी दबायला फोम निदान 50 मिमी जाड हवा, कारण पूर्ण चेपलेला फोम पुढे पोलादासारखाच वागतो.

नुसती जाडी मात्र पुरत नाही. डोकं 3 किलोचं धरलं तर त्याची गतिज ऊर्जा 37 जूल. ती 35 मिमीत जिरवायला सरासरी 1070 न्यूटन बल लागतं. स्पर्शाची जागा 30 चौरस सेंटिमीटर धरली तर फोमने सुमारे 0.36 मेगापास्कल दाबाला चेपायला सुरुवात करायला हवी. पाण्याच्या पाइपवर चढवतात ती मऊ काळी नळी 0.01 मेगापास्कललाच बसते. तेवढ्याच अंतरात ती जेमतेम 1 जूल खाते, उरलेले 36 जूल पाइपच्या वाट्याला येतात. बोटाला गुबगुबीत लागणारा फोम डोक्याच्या कामाचा नाही! हातावर तपासायचं तर अंगठा जोर लावून, 10 किलोच्या भाराइतका, दाबा. अंगठ्याचा ठसा 3 चौरस सेंमी असेल तर दाब 0.33 मेगापास्कल होतो. त्या जोराला फोमने जेमतेम नमायला हवं. प्रसारित पॉलिप्रोपिलीन (ईपीपी फोम), लिटरला 60 ग्रॅमच्या आसपास घनतेचं, या टप्प्यात बसतं. पाकिटावर 'मिलिटरी ग्रेड' छापलं आहे म्हणून भुलू नका; किती दाबाला फोम किती चेपतो तो दाब-आलेख मागा, आलेख नसेल तर ग्रेड जाहिरातीची. स्पर्धेच्या गाड्यांचं एफआयए (मोटर स्पर्धांची आंतरराष्ट्रीय संघटना) 8857-2001 मानकाचं पॅडिंग प्रामाणिक असतं, पण तेही हेल्मेट घातलेलं डोकं गृहीत धरतं. केबल टायची गाठ पाइपच्या मागच्या बाजूला ठेवा. चेहऱ्याच्या बाजूला राहिली तर तो एक टोकदार प्लास्टिकचा खडा होतो.

दुसरं काम टॉप टेदरचं. सीटच्या माथ्यामागचा हा पट्टाच डोक्याची झेप आखूड करतो. 15 किलोचं मूल आणि 8 किलोची सीट, 25 जी धरले तर एकूण 5.6 किलोन्यूटन. निम्मा भार टेदरवर आला तर 2.8. आता 45 मिमी व्यासाचा, 2.5 मिमी जाडीचा पाइप घ्या. सेक्शन मॉड्युलस, म्हणजे पाइपच्या छेदाचं वाकण्याला विरोध करण्याचं माप, सुमारे 3360 घन मिमी; साधं पोलाद 250 मेगापास्कलला वाकू लागतं, म्हणजे 840 न्यूटन-मीटर. 1.2 मीटर लांबीचा बार टोकांशी सैल धरला आणि टेदर मधोमध बांधला, तर 2.8 किलोन्यूटनला बरोबर तेवढाच मोमेंट (वाकवणारा जोर) येतो. बार केजला मिळतो त्या जोडापासून 150 मिमीवर बांधला तर 370 सुद्धा होत नाही. म्हणून सीटच जोडाच्या रेषेत येईल अशी ठेवा. ते जमत नसेल तर टेदर बारला त्या जागी मागून तिरका आधार द्या. पट्टा तिरपा ओढून टेकवायचा मोह टाळा.

बोल्टसाठी पाइपला आरपार भोक पाडणं टाळायचं. ओढीच्या दिशेने पाडलेलं 12.5 मिमीचं भोक वाकण्याच्या विरोधाची 37 टक्के ताकद खातं. तेच उभं पाडलं तर नुकसान 1 टक्का, पण गाडी छतावर पडताना ओढ बदलते आणि हिशेब उलटा होतो. त्यापेक्षा टेदरसाठी वेगळा आडवा बार बसवा. त्यावर पाइपच्या गोलाईचा 3 मिमी सॅडल (खोगिरासारखा पत्रा) आणि त्यावर हूक अडकवायची 5 मिमीची कानाची पट्टी वेल्ड करा. सॅडलचा वेल्ड पाइपच्या लांबीच्या दिशेने धावावा. पाइपभोवती पूर्ण कडं मारलं तर उष्णतेने बदललेल्या पोलादाचा पट्टा तयार होतो आणि भार आला की तिथूनच मोडतो. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं पोलाद) असेल तर जास्तच. हूक थेट गोल पाइपवर अडकवायचा नाही, तो बसतच नाही. पट्टा गुंडाळला तर घसरतो आणि कडेवर झिजतो.

आयसोफिक्सच्या सळया, म्हणजे चाइल्ड सीट जिथे अडकते त्या गाडीतल्या कड्या, स्वतः वाकवून बनवू नका. दोन्ही 6 मिमी सळयांचं केंद्रांतर 280 मिमी असतं आणि थोडा तिरपेपणासुद्धा सीटचा लॅच (पकड) अर्धवट बसवतो, 'क्लिक' ऐकू येऊनही. चार पट्ट्यांचा रेसिंग हार्नेस चाइल्ड सीट बांधायला चालत नाही; तिच्या खाचा साध्या तीन बिंदूंच्या पट्ट्यासाठी कातलेल्या असतात. मुलाला हेल्मेट घालून चाइल्ड सीटमध्ये बसवणंही नको. मान अजून कोवळी, त्यात वजन वाढतं आणि मागे टेकलेलं हेल्मेट डोकं पुढे ढकलतं. पाय जमिनीला टेकत नसतील तर बाजू उघड्या असलेल्या छोट्या साइड-बाय-साइड गाड्यांत मुलाला बसवायचंच नाही. त्या गाड्यांच्या उत्पादकांची ही अटच असते, आणि केज कितीही जाड केला तरी तिथून बाहेर पडणारा हात तो आत ठेवू शकत नाही.